अणुबाँबकर्त्या शास्त्रज्ञांचा अनुताप : अस्सल कागद आणि बखर

अस्सल पत्र आणि बखर या दोन साधनांची योग्यता सारखी नाहीं, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. कै. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून हा विवेक आपल्याकडे रुजत आला. बखरकार खोटेंच लिहितो असें नाहीं. सभासद शिवकालींचा माणूस. पण त्यानें बखर रचली ती शिवछत्रपतींच्या निधनानंतर सुमारें दीड दशकानें, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. मधल्या काळांत जें घडलें त्याचा रंग लेखणीस लागल्यावांचून राहत नाहीं. म्हणून प्रसंगाच्या दिवशीं लिहिलेला चार ओळींचा कागद आपण आधीं पाहतों व मग बखरीकडे वळतों.

हीच कसोटी एका परक्या व अगदीं अर्वाचीन विषयास लावून पाहण्याचा येथें हेतु आहे. १९४५ सालीं अमेरिकेंत अणुबाँब तयार झाला. ६ ऑगस्ट रोजीं हिरोशिमा व ९ ऑगस्ट रोजीं नागासाकी हीं शहरें त्यानें उद्ध्वस्त केलीं. हें अस्त्र ज्यांनीं घडविलें त्या शास्त्रज्ञांस आपल्या कृत्याविषयीं काय वाटलें, यासंबंधीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांचीं कित्येक वचनें तर सुभाषितांसारखीं जगभर फिरतात. परंतु कोणतें वचन कोणत्या तारखेचें, तें कोणी टिपून ठेवलें, मूळ कागद कोठें आहे, हें विचारणारे थोडे. हा प्रश्न नुसत्या कालनिर्णयाचा नाहीं. अस्त्र पडण्यापूर्वीं एकानें आपला निषेध सहीनिशीं लिहून ठेवला आणि दुसऱ्यानें तोच विचार वीस वर्षांनीं बोलून दाखविला, तर दोघांची नैतिक योग्यता एका तराजूंत घालतां येत नाहीं. शिवाय या प्रकरणांत दोन संस्कृत श्लोक साक्षीस आले आहेत व त्यांविषयीं बराच घोटाळा आहे. तो तरी आपण निस्तरावयास हवा.

प्रथम सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका घेऊं. १६ जुलै १९४५ रोजीं पहाटे साडेपांचाच्या सुमारास न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत पहिला प्रायोगिक स्फोट झाला. लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेचे मुख्य जे. रॉबर्ट ऑपेनहायमर यांनीं तो प्रचंड ज्वालागोल पाहून गीतेच्या अकराव्या अध्यायांतील बत्तिसावा श्लोक उच्चारला, ज्यांत भगवान् आपण लोकांचा क्षय करणारा काल असल्याचें अर्जुनास सांगतात. अशी ती आख्यायिका. प्रस्तुत लेखकानें अकरावा अध्याय शिकवितांना ती कित्येक वर्षें वर्गांत सांगितली. हें कोणत्या कागदांत आहे, असें एकाही मुलानें विचारलें नाहीं. कारण तसें विचारावयास मीं शिकविलें नव्हतें.

त्या पहाटेचा समकालीन कागद उपलब्ध आहे. प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांनीं १८ जुलै रोजीं युद्धमंत्री स्टिम्सन यांस स्फोटाचा वृत्तांत पाठविला व त्यांत आपले सहायक जनरल फॅरेल यांनीं लिहिलेलें वर्णन समाविष्ट केलें. फॅरेल हे नियंत्रणाच्या आश्रयगृहांत ऑपेनहायमर यांच्या जवळच होते. अखेरचे क्षण मोजले जात असतां ऑपेनहायमर यांनीं एका खांबाचा आधार घेतला होता, श्वास जणूं कोंडला होता, आणि स्फोट होतांच त्यांच्या चेहऱ्यावर मोठ्या सुटकेचा भाव पसरला, असें फॅरेल लिहितात. श्लोकाचें नांव नाहीं. धाकटे बंधु फ्रँक हेही त्या ठिकाणीं होते. त्यांस पुढें साडेतीन दशकांनीं विचारलें असतां, प्रयोग साधला एवढेंच आपण बहुधा बोललों असें त्यांनीं सांगितलें.

या श्लोकाचा प्रस्तुत लेखकास ठाऊक असलेला सर्वांत जुना छापील उल्लेख १९४८ च्या नोव्हेंबर महिन्यांतील, 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकांतला आहे. १९५६ सालीं रॉबर्ट युंक यांचें जर्मन पुस्तक निघालें. त्याचें नांवच अकराव्या अध्यायांतील सहस्रसूर्यांच्या उपमेवरून घेतलेलें होतें, आणि त्या पुस्तकानें आख्यायिकेस पंख दिले. स्वतः ऑपेनहायमर यांच्या मुखांतून तो श्लोक लोकांनीं पडद्यावर ऐकला तो १९६५ सालीं, एका दूरचित्रवाणी कार्यक्रमांत; म्हणजे घटनेनंतर वीस वर्षांनीं व त्यांच्या मृत्यूपूर्वीं जेमतेम दोन वर्षें. त्यांतही लक्षांत घेण्यासारखें असें कीं, कांहीं जण हसले, कांहीं रडले, बहुतेक गप्प राहिले, आणि आपणांस तो श्लोक आठवला, इतकेंच ते सांगतात. आपण तो उच्चारला असें म्हणत नाहींत. प्रत्यक्ष पाहणाराचें कथन म्हणून तें टाकाऊ नव्हे. त्या पहाटेचें साधन म्हणून मात्र तें धरतां येत नाहीं.

अर्थाविषयींही दोन शब्द लिहिणें भाग आहे. ऑपेनहायमर संस्कृत शिकले ते १९३३ च्या सुमारास बर्कले येथें, 'पंचतंत्र' व 'मृच्छकटिक' यांचे इंग्रजी भाषांतरकार प्रा. आर्थर रायडर यांच्याजवळ. रायडर यांनीं गीतेचेंही भाषांतर १९२९ सालीं प्रसिद्ध केलें होतें व त्यांत 'काल' या शब्दाकरितां मृत्युवाचक इंग्रजी शब्द योजिला होता. शिष्यानें तोच उचलला. कोशाच्या आधारें हा अर्थ चुकीचा ठरत नाहीं. परंतु काल म्हणजे मृत्यु म्हटलें कीं वाक्याचा रोख बदलतो. संहार करणाऱ्या एका व्यक्तीची आकृति पुढें येते, आणि सर्व भूतांस पिकविणारी व गिळणारी कालाची गति मागें पडते. मग पाश्चात्त्य वाचक असें समजतो कीं, शास्त्रज्ञ स्वतःस संहारक म्हणवून कबुली देत आहे. मूळ प्रसंग उलट आहे. बोलणारे भगवान्, ऐकणारा अर्जुन. आणि बोलण्याचें तात्पर्य असें कीं, समोरचे योद्धे तुझ्यावांचूनही उरणार नाहींत, तूं केवळ निमित्त हो. हें वचन पापाचा उच्चार नव्हे. हात गाळून बसलेल्यास उठविणारें तें वचन आहे. ऑपेनहायमर यांनीं स्वतःस अर्जुनाच्या जागीं कल्पिलें असेल, तर त्या श्लोकांत त्यांस अनुतापापेक्षां आश्रय अधिक सांपडला असावा. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. त्या कार्यक्रमांत ते कृष्ण न म्हणतां विष्णु म्हणतात, यावरून कोणी त्यांच्या संस्कृत ज्ञानाविषयीं शंका घेतील, तर ती व्यर्थ होय. त्याच अध्यायांत अर्जुनानें दोनदां विष्णु या नांवानें हांक मारली आहे.

दुसरा श्लोक याहून कमी परिचित व माझ्या मतें अधिक बोलका आहे. स्फोटाच्या दोन दिवस आधीं ऑपेनहायमर यांनीं आपण भाषांतरिलेला एक संस्कृत श्लोक व्हॅनेव्हर बुश यांस म्हणून दाखविला, अशी हकीकत आहे. मनुष्य कोणत्याही संकटांत व कोणत्याही बेसावध अवस्थेंत असो, त्याचीं पूर्वीं केलेलीं सत्कृत्येंच त्यास राखतात, असा त्याचा आशय. इंग्रजी पुस्तकांतून हा श्लोक गीतेचा म्हणून वारंवार छापला जातो. गीतेंत तो नाहीं. ज्यानें नीतिशतक वाचलें आहे त्यास तो ओळखावयास क्षणही लागत नाहीं, आणि भर्तृहरीचीं शतकें तर वामनपंडितांनीं मराठींत आणून ठेविलीं आहेत. ही हकीकतही उत्तरकालीनच. पण ती कोणाच्याच कीर्तीस विशेष पोषक नसल्यामुळें बनावट असण्याचें कारण दिसत नाहीं. संहाराचें साधन पूर्ण होत आलें असतां मनुष्यास आपल्या जुन्या पुण्याचा हिशेब आठवावा, हें विचार करण्यासारखें आहे.

भर्तृहरीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट नमूद करतों. शेंकडों हस्तलिखितें ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति ज्यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केली, ते गोमंतकीय पंडित दामोदर धर्मानंद कोसंबी व्यवसायानें गणिती होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, म्हणजे होमी भाभा यांच्याच संस्थेंत, ते १९६२ पर्यंत होते. त्यांनीं जागतिक शांतताचळवळींत भाग घेतला, आणि भारतानें अणुशक्तीपेक्षां सूर्यशक्तीकडे लक्ष द्यावें असें १९६० सालीं पुण्यांत एका भाषणांत मांडलें. संस्थेंत असतांनाच मांडलें, निवृत्तीनंतर नव्हे.

आतां अस्सल कागदांकडे वळूं. त्यांत अग्रमान शिकागोच्या अहवालाचा. तो ११ जून १९४५ चा असून जेम्स फ्रांक यांच्या अध्यक्षतेखालीं सात शास्त्रज्ञांनीं सिद्ध केला. फ्रांक हे १९२५ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. पहिल्या महायुद्धांत जर्मनीच्या विषारी वायूच्या पथकांत काम केलेले. १९३३ सालीं नाझी राजवटीच्या निषेधार्थ गटिंगेनचें अध्यापकपद सोडलेले. अणुप्रकल्पांत शिरतांनाच त्यांनीं अट घातली होती कीं, अस्त्र तयार होण्याची वेळ आली म्हणजे आपलें मत वरिष्ठांपुढें मांडूं द्यावें. ज्यानें एकदां वायु पाहिला होता त्यानें दुसऱ्या खेपेस आधींच शब्द घेऊन ठेवला. अहवालाचें म्हणणें असें : जपानवर पूर्वसूचनेवांचून अस्त्र टाकूं नये, संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींसमक्ष वाळवंटांत किंवा ओसाड बेटावर त्याचें प्रात्यक्षिक करावें, हें गुपित फार वर्षें टिकणार नाहीं, आणि विश्वास गमावला तर शस्त्रस्पर्धा अटळ होईल. फ्रांक तो घेऊन वॉशिंग्टनास गेले. स्टिम्सन यांची भेट झाली नाहीं. कागद कचेरींत ठेवून परतावें लागलें.

पांचच दिवसांनीं, १६ जून रोजीं, दुसरा कागद झाला. कॉम्प्टन, फर्मी, लॉरेन्स व ऑपेनहायमर या चौघांच्या शास्त्रीय मंडळाचा तो अभिप्राय असून त्यावर मंडळाच्या वतीनें सही ऑपेनहायमर यांची आहे. युद्ध थांबवील असें कोणतेंही प्रात्यक्षिक आपण सुचवूं शकत नाहीं, प्रत्यक्ष लष्करी वापरावांचून स्वीकारार्ह मार्ग दिसत नाहीं, असें त्यांत म्हटलें आहे. सहकाऱ्यांत मतभेद असल्याचें त्यांत प्रांजळपणें नमूद आहे. आणि अखेरीस असेंही आहे कीं, राजकीय, सामाजिक व लष्करी प्रश्न सोडविण्याची विशेष पात्रता शास्त्रज्ञ म्हणून आपणांस नाहीं. ज्यास ऑपेनहायमर यांचें मन घटनेपूर्वींच्या कागदांत पाहावयाचें आहे, त्यानें प्रथम हा कागद वाचावा, मग १९६५ ची चित्रफीत पाहावी.

१२ जुलै रोजीं शिकागोस मतगणनाही झाली. दीडशें शास्त्रज्ञांपुढें पांच पर्याय ठेवले. सर्वांत अधिक, म्हणजे ६९ मतें दुसऱ्या पर्यायास पडलीं. जपानांत लष्करी प्रात्यक्षिक करावें व पूर्ण वापरापूर्वीं शरणागतीची पुन्हां संधि द्यावी, असा तो पर्याय. लष्करी प्रात्यक्षिक ओसाड जागीं कीं वस्तीवर, हें शब्दांत नाहीं. पुढें ज्यानें त्यानें आपल्या सोयीचा अर्थ काढला.

तिसरा कागद हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष रुचेल, कारण त्याचे दोन पाठ आहेत. लिओ झिलार्ड यांनीं राष्ट्राध्यक्षांस उद्देशून हा अर्ज लिहिला. अमेरिकेनें या कामास लागावें म्हणून १९३९ च्या ऑगस्टांत आइन्स्टाइन यांच्या सहीचें पत्र तयार करविणारे तेच झिलार्ड. ३ जुलै १९४५ चा पहिला पाठ कडक आहे. त्यांत अस्त्राच्या वापरास सरळ विरोध आहे. १७ जुलैच्या अखेरच्या पाठांत धार कमी केलेली दिसते : शरणागतीच्या अटी सविस्तर जाहीर केल्यावांचून, आणि त्या जाणूनही जपाननें नकार दिल्यावांचून, अस्त्र वापरूं नये; तशी वेळ आली तरी नैतिक जबाबदारीचा विचार करूनच निर्णय व्हावा. अधिक सह्या मिळाव्या म्हणून हा बदल केलेला आहे. आपल्याकडील महजरावर साक्षीदारांच्या निशाण्या असतात तशा या अखेरच्या पाठावर सत्तर सह्या आहेत. शब्द सौम्य करून सह्या वाढवाव्या कीं शब्द राखून एकटें राहावें, हा पेंच त्या दोन मसुद्यांच्या मधल्या चौदा दिवसांत स्पष्ट दिसतो.

अर्जाचा प्रवास थोडक्यांत असा. कॉम्प्टन यांच्याकडून निघालेला तो कागद २५ जुलै रोजीं ग्रोव्ह्ज यांच्या हातीं आला. अस्त्र टाकण्याचा लेखी हुकूम निघाला तोही २५ जुलैलाच. अर्ज युद्धमंत्र्यांच्या कचेरींत १ ऑगस्ट रोजीं पोंचला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन त्या वेळीं पॉट्सडॅमच्या परिषदेकरितां जर्मनींत होते. त्यांनीं तो वाचला नाहीं. त्यावर गुप्ततेचा शिक्का होता व पुढें अनेक वर्षें तो दप्तरांतच पडून राहिला. आज तो अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत पाहावयास मिळतो.

झिलार्ड यांनीं हा अर्ज लॉस अलामॉस येथें एडवर्ड टेलर यांच्याकडेही पाठविला होता. टेलर यांनीं पुढें १९६२ च्या आपल्या पुस्तकांत लिहिलें कीं, आपण सही करणार होतों, परंतु ऑपेनहायमर यांनीं परावृत्त केलें. ही झाली बखर. जुलै १९४५ मध्यें टेलर यांनीं झिलार्ड यांस लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. आपला अंतरात्मा स्वच्छ होईल अशी आशा नाहीं, आपण करीत असलेलें काम इतकें भयंकर आहे कीं निषेधानें आत्म्याचा उद्धार व्हावयाचा नाहीं, असें त्यांत आहे. आणि पुढें असेंही कीं, लोकांस वस्तुस्थिति कळविण्याच्या दृष्टीनें प्रत्यक्ष युद्धांतील वापरच कदाचित् उत्तम. दोन्ही लेख एकाच हाताचे. मध्यें सतरा वर्षें, आणि ऑपेनहायमर यांच्याविरुद्ध १९५४ च्या चौकशींत टेलर यांनीं दिलेली साक्ष.

पाठ या शब्दाचें याहून चमत्कारिक उदाहरण जर्मन शास्त्रज्ञांच्या बाबतींत सांपडतें. हायझेनबर्ग, हान, वायझेकर, लाउए इत्यादि दहा जणांस इंग्रजांनीं ३ जुलै १९४५ पासून ३ जानेवारी १९४६ पर्यंत केंब्रिजजवळ फार्म हॉल या घरांत ठेविलें होतें, आणि भिंतींत ध्वनिग्राहक बसवून त्यांचें बोलणें टिपलें जात होतें. त्या वृत्तांतांच्या प्रति १९९२ च्या फेब्रुवारींत खुल्या झाल्या. मूळ ध्वनिमुद्रिका राखलेल्या नाहींत. कांहीं उतारे सोडले तर जर्मन संभाषणाचें इंग्रजी भाषांतरच हातीं उरलें आहे, हा दोष ध्यानांत ठेविलाच पाहिजे. तरी ६ ऑगस्टच्या रात्रीचा भाग असामान्य आहे. बातमी कळतांच अणुविच्छेदाचा शोध लावणारे ऑटो हान कमालीचे व्यथित झाले. त्याच रात्रीं वायझेकर म्हणाले कीं, आपणांस तें जमलें नाहीं, कारण तत्त्वतः तें करावें अशी आपल्या पदार्थशास्त्रज्ञांची इच्छाच नव्हती. हान यांनीं तिथल्या तिथें उत्तर दिलें कीं, त्यांस हें पटत नाहीं. पण जमलें नाहीं याबद्दल ते कृतज्ञ आहेत. पुढें लाउए यांनीं १९५९ सालीं एका पत्रांत लिहिलें कीं, त्या दिवसांत जेवणाच्या मेजाभोंवतीं हळूहळू एक 'लेसार्ट' तयार झाला. या जर्मन शब्दाचा अर्थ पोथीचा पाठ. नैतिक भूमिका म्हणून जगानें पुढें जें ऐकलें, त्याचा पाठ सिद्ध होतांना ऐकणारा एक मनुष्य त्या मेजावर बसला होता, आणि त्यानें त्यास पाठच म्हटलें.

हायझेनबर्ग व नील्स बोर यांच्या सप्टेंबर १९४१ मधील कोपनहेगन येथील भेटीचा वाद येथें लांबवीत नाहीं. हायझेनबर्ग यांचें कथन युंक यांच्या पुस्तकाच्या डॅनिश आवृत्तींत १९५७ सालीं छापलें गेलें; तें वाचून बोर यांनीं खंडनाचीं पत्रें मसुद्यांत लिहिलीं आणि एकही धाडलें नाहीं. तीं २००२ सालीं प्रसिद्ध झालीं. मसुदे अस्सल आहेत खरे, पण तेही भेटीनंतर सोळा वर्षांहून अधिक काळानें लिहिलेले. येथें दोन्ही बाजूंस बखरच आहे व निर्णय देण्याची घाई करूं नये.

याउलट जोसेफ रॉटब्लॅट यांचें. जर्मनी अणुबाँब करीत नाहीं अशी खात्री पटतांच १९४४ च्या अखेरीस त्यांनीं लॉस अलामॉस सोडलें. कारणांचें सविस्तर निवेदन त्यांनीं चार दशकांनीं, १९८५ सालीं, लिहिलें. तेवढ्यापुरतें तें उत्तरकालीनच. परंतु प्रयोगशाळा सोडून जाणें हा स्वतःच एक दिनांकित लेख आहे.

आतां ऑपेनहायमर यांच्याकडे परत येतों. श्लोक बाजूस ठेवला, तर अनुतापाचा समकालीन पुरावा त्यांच्या बाबतींत कांहींच उरत नाहीं काय? उरतो, आणि तो कोणत्याही चित्रफितींत नाहीं. १७ ऑगस्ट १९४५ रोजीं शास्त्रीय मंडळाच्या वतीनें त्यांनीं स्टिम्सन यांस लिहिलें कीं, या अस्त्रांपासून पुरें संरक्षण देणारा उपाय दिसत नाहीं, आणि राष्ट्राची सुरक्षितता शास्त्रीय सामर्थ्यावर विसंबून राहणार नाहीं. हा सरकारी कागद. त्यानंतर नऊ दिवसांनीं, २६ ऑगस्ट रोजीं, त्यांनीं आपल्या शाळेंतील इंग्रजीचे जुने शिक्षक हर्बर्ट स्मिथ यांस खासगी पत्र लिहिलें. हें कार्य मनांत शंका आल्यावांचून झालेलें नाहीं, आज त्या शंकांचा भार फार आहे, आणि आशेनें भरलेलें भविष्य निराशेपासून अगदीं थोड्या अंतरावर उभें आहे, असा त्याचा आशय. श्लोक नाहीं, अलंकार नाहीं. हिरोशिमानंतर विसाव्या दिवशीं, आपणांस लहानपणापासून ओळखणाऱ्या मास्तरांस लिहिलेल्या त्या दोन-तीन वाक्यांत मला १९६५ च्या कथनाहून अधिक खरें कांहीं दिसतें. हें पत्र १९८० सालीं त्यांच्या पत्रसंग्रहांत छापलें गेलें आहे. दुखण्यांतून उठलेल्या या विद्यार्थ्यास हवापालटाकरितां १९२२ च्या उन्हाळ्यांत प्रथम न्यू मेक्सिकोच्या डोंगरांत घेऊन गेले ते हेच स्मिथ मास्तर. लॉस अलामॉस त्याच मुलखांत आहे.